उडालेली रायफलची पुंगळी कशी तपासायची

रायफल झाडली की गोळी निघून जाते, हातात राहते ती पुंगळी. बहुतेक परवानाधारक ती मोजून डब्यात टाकतात, हिशेबापुरती सांभाळतात आणि विसरतात. पण डोळ्याचे पाते लवायच्या आत चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या, काडतूस बसते त्या पोकळीत, जे काही घडले, त्याचा ठसा त्या पितळावर उमटलेला असतो. दाब किती चढला, बोल्ट, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा सरकता दांडा, घट्ट बसतो की ढिला झालाय, काडतूस जुने होऊन पितळ ठिसूळ झालेय का, हे सगळे पुंगळीवर दिसते. फक्त कुठे बघायचे ते माहीत हवे.

बेळगाव, खानापूर, हुक्केरी, निपाणी या पट्ट्यात वारसाने आलेली किंवा शेतराखणीच्या परवान्यावर घेतलेली .315 बोअरची (बोअर म्हणजे नळीचे माप, इथे इंचात) रायफल असलेली घरे आहेत. काहींकडे .30-06 आहे. हा लेख त्यांच्यासाठी आणि नुकताच परवाना हातात पडलेल्यांसाठी. क्लबात .22 वर शिकणाऱ्यांनीही वाचावा, पण .22 च्या पुंगळीत प्रायमर, म्हणजे पिन आदळली की पेटणारी बुडातली टिकली, वेगळा नसतो, मसाला काठातच भरलेला असतो. म्हणून तिला खाली सांगितलेल्या निम्म्या गोष्टी लागू पडत नाहीत. .22 चा काठ फाटलेला दिसला की रायफल दाखवायला न्यायची, एवढे पुरे.

रीलोडिंगबद्दल आधी स्पष्ट बोलू

पुंगळ्या तपासण्याची ही पद्धत मुळात रीलोडिंग करणाऱ्यांची, म्हणजे रिकामी पुंगळी पुन्हा भरणाऱ्यांची. व्हिडिओत अमेरिकेतला एखादा माणूस गॅरेजमध्ये प्रेस लावून काडतुसे भरताना दिसतो. तिथे ते चालते, आपल्याकडे नाही. शस्त्र कायदा 1959 च्या कलम 5 प्रमाणे दारूगोळा बनवायला स्वतंत्र परवाना लागतो, आणि रिकाम्या पुंगळीत प्रायमर, दारू, गोळी भरणे म्हणजे बनवणेच झाले. रायफल बाळगण्याच्या परवान्यात ते बसत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवण्याची शिक्षा किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेप आहे. दारूचा विषय तर स्फोटक कायद्याखालीही येतो. तेव्हा घरी काडतुसे भरायचा विचार डोक्यातून काढून टाका. भरण्याच्या आधीची जी पायरी आहे, म्हणजे पुंगळी वाचणे, ती मात्र प्रत्येक बंदूकवाल्याला आली पाहिजे. ज्यांच्याकडे त्या कामाचा रीतसर परवाना आहे त्यांनाही पहिल्या दिवशी हेच शिकावे लागते.

आणखी दोन गोष्टी, खास आपल्या सीमाभागातल्या. परवान्यावर क्षेत्र लिहिलेले असते. ते कर्नाटकापुरते असेल तर हद्दीवरची शिनोळी ओलांडून महाराष्ट्रातल्या चंदगडला पाहुण्याकडे रायफल किंवा काडतुसे नेता येत नाहीत, मग शेत हद्दीला लागून असो वा नसो. दुसरे म्हणजे बेळगावात लष्कराचा वावर मोठा, मराठा लाईट इन्फंट्रीचे केंद्रच इथे आहे. फायरिंग रेंजच्या आसपास मुलांना पुंगळ्या सापडतात आणि त्यांच्या की-चेन होतात. त्या सरकारी मालाच्या पुंगळ्या आहेत. उचलू नका, आणि आपल्या डब्यात तर मुळीच मिसळू नका.

काय काय लागते

फार काही नाही. एक व्हर्निअर कॅलिपर लागेल. उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, काम करणारा कुणीतरी घरात किंवा शेजारी असतोच, त्याच्याकडे मिळेल. 0.02 मिलिमीटरपर्यंत वाचणारा साधा व्हर्निअर चालतो. एक छोटी टॉर्च, बारीक डोक्याची. घड्याळजी डोळ्याला लावतो तसली भिंग. जुने सुती कापड, थोडे रॉकेल. कायम शाईचा मार्कर, पक्कड, वही. अंड्यांचा पुठ्ठ्याचा 30 खणांचा ट्रे, ज्यात पुंगळ्या उडवलेल्या क्रमाने उभ्या ठेवता येतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचे हत्यार म्हणजे सायकलचा जुना स्पोक. त्याचे टोक 2 ते 3 मिलिमीटरवर काटकोनात वाकवा आणि कानशीने घासून टोकदार करा, नखावर ओढले तर ओरखडा उठेल इतके. मागच्या बाजूला कापड गुंडाळून मूठ करा. बाजारात एवढ्याच कामाची महागडी साधने मिळतात, पण बोटाला जे कळायचे ते या स्पोकनेही कळते.

जागा स्वयंपाकघर नको. जळलेल्या प्रायमरच्या काजळीत शिसे असते. ती बोटांवरून भाकरीवर जाते, आणि लहान मुलांना शिसे फार वाईट. अंगणात किंवा पडवीत वर्तमानपत्र पसरून बसा, काम होईपर्यंत तंबाखू-सुपारी तोंडात नको, आणि शेवटी साबणाने हात कोपरापर्यंत धुवा. अंड्यांचा ट्रे परत घरात वापरू नका.

पहिले काम, मोजणी आणि वेगळे करणे

आधी जिवंत काडतूस चुकून मिसळलेले नाही ना ते बघा. ज्याच्या टोकाला गोळी आहे, किंवा प्रायमरवर पिनचा खड्डा पडूनही जे उडालेले नाही, ते लगेच बाजूला. बार फुसका गेला असेल तर मैदानावरच नळी सुरक्षित दिशेला धरून निदान 30 सेकंद थांबायचे असते, मगच बोल्ट उघडायचा. असे फुसके काडतूस घरी खोलून बघायचे नाही, ते दुकानदाराला परत दाखवायचे.

मग बुडावरचा शिक्का वाचा. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या मालावर केएफ अशी इंग्रजी अक्षरे असतात. त्याबरोबर बोअर आणि बऱ्याचदा वर्षाचे आकडे. एकाच शिक्क्याच्या, एकाच पेटीतल्या पुंगळ्या एकत्र ठेवा. वेगवेगळ्या पेट्यांचे पितळ वेगळे, जाडी वेगळी, त्यामुळे एकत्र करून तुलना केली तर हाती काहीच लागत नाही. दहा पुंगळ्यांत एक विचित्र दिसली तर दोष त्या काडतुसाचा असण्याची शक्यता जास्त. दहाही तशाच दिसल्या तर दोष रायफलचा किंवा अख्ख्या पेटीचा. ही एवढी ओळ वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

पुसायचे कसे आणि कशाने नाही

रॉकेलने ओले केलेल्या कापडाने काजळी पुसून घ्या. पण त्याआधी एकदा आहे तशी बघा, कारण काजळी कुठे कुठे आहे हीसुद्धा माहिती असते. मानेवर, म्हणजे तोंडाजवळच्या अरुंद भागावर, काळे असणे नेहमीचे. मान रुंद होत जाते त्या उताराच्या, म्हणजे खांद्याच्या, खाली पोटापर्यंत काळे पट्टे आले असतील तर पुंगळी चेंबरला नीट चिकटली नाही, म्हणजे दाब कमी पडला किंवा मानेचे पितळ कडक झाले आहे. प्रायमरच्या कडेने काजळीची गोल रेघ असेल तर तिथून वायू मागे निसटला आहे. एखाद्या पुंगळीवर थोडी दिसली तर नोंद करा, सगळ्यांवर दिसली तर थांबा.

घरात पितळ म्हटले की चिंच आठवते. देवाच्या उपकरणांना चिंच ठीक, पुंगळीला नको. काडतुसाचे पितळ म्हणजे 70 टक्के तांबे आणि 30 टक्के जस्त. आंबटात फार वेळ राहिले की वरचे जस्त निघून जाते आणि गुलाबीसर डाग उरतात. तिथे आता नुसते सच्छिद्र तांबे आहे, ताकद नाही. अमोनिया असलेले पितळेचे पॉलिश त्याहून वाईट.

अमोनियाची गोष्ट आपल्या हवेत विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. ब्रिटिश फौजेला हिंदुस्थानातच हा धडा मिळाला. पावसाळ्यात तबेल्यांजवळ ठेवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या न उडवताच तडकत होत्या. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, दमट हवा आणि बनवताना पितळात राहून गेलेला ताण, या तिघांनी मिळून ते होत होते. 1921 मध्ये त्याचा नीट उलगडा झाला. आता खानापूरच्या पश्चिमेकडे, कणकुंबीच्या अंगाला, चार महिने भिंतीला ओल असते आणि गोठा घराला लागूनच. काडतुसांची पेटी गोठ्याच्या भिंतीवरच्या फळीवर ठेवली तर आपण तोच प्रयोग पुन्हा करतोय. पेटी माडीवर, कोरड्या कपाटात, कुलपात.

प्रायमर बघा

पुंगळी बुडाकडून डोळ्यासमोर धरा. मधली गोल टिकली म्हणजे प्रायमर. चांगल्या प्रायमरची कड थोडी गोलसर राहिलेली असते आणि पिनचा खड्डा मधोमध, गुळगुळीत असतो. न उडवलेले काडतूस शेजारी धरून तुलना करा.

प्रायमर पसरून खोबणीच्या कडेपर्यंत सपाट झाला असेल, जणू कुणी हातोडीने बसवला, तर दाब जास्त असल्याची शंका घ्यायची. शंकाच, कारण काही प्रायमर मुळात मऊ असतात आणि नेहमीच्या दाबालाही सपाट दिसतात. नवखे इथेच घाबरतात, किंवा उलट नुसता प्रायमर गोल आहे म्हणून निर्धास्त होतात. प्रायमरच्या एकट्याच्या साक्षीवर निकाल देऊ नये. बोल्ट उचलायला जड गेला, बुडावर नवे ओरखडे उठले, प्रायमरही सपाट, अशा तीन गोष्टी जुळल्या की मात्र त्या पेटीतले एकही काडतूस पुन्हा उडवू नका.

पिनच्या खड्ड्याभोवती धातू ओठासारखा वर आला असेल तर पिनचे भोक झिजून मोठे झाले आहे किंवा दाब चढला आहे. खड्ड्यातच बारीक भोक पडलेले असेल तर गरम वायू पिनवाटे बोल्टमध्ये आणि तिथून तोंडाकडे येऊ शकतो. अशी एक जरी पुंगळी निघाली तरी रायफल कारागिराकडे. चष्मा न लावता रायफल झाडणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

याच्या उलट प्रायमर बुडाच्या पातळीपेक्षा बाहेर आलेला दिसला, नख फिरवले की अडकतो, तर दोन कारणे. दाब फार कमी पडला, किंवा बोल्ट आणि पुंगळीचे बूड यांच्यात जागा जास्त आहे. या जागेला हेडस्पेस म्हणतात. स्फोट होताना प्रायमर मागे सरकतो. दाब पुरेसा असेल तर पाठोपाठ पुंगळीचे बूडही मागे येते आणि प्रायमर पुन्हा आत बसतो. दाब कमी असेल तर बूड मागे येतच नाही आणि प्रायमर बाहेर राहतो. म्हणजे बाहेर आलेला प्रायमर पाहून ‘दाब जास्त झाला’ असे म्हणणे बहुतेक वेळा उलटे निदान असते.

बूड आणि काठ

.315 च्या पुंगळीला बाहेर आलेला काठ असतो, ओढणारा आकडा त्यात अडकतो. काठ एका बाजूला वाकला किंवा त्याचा तुकडा ओरबाडला गेला असेल तर पुंगळी चेंबरमध्ये अडकून जोराने ओढली गेली. कारण तीनपैकी एक, दाब जास्त, चेंबर गंजलेले किंवा चेंबरमध्ये तेल-घाण. आपल्याकडे पावसाळ्यानंतर तिसरे नाहीतर दुसरे निघते. आधी चेंबर कोरडे करून साफ करा आणि मग बघा.

बुडावर चकचकीत गोल ठसा उठतो, असेही व्हिडिओत ऐकाल. तो ठसा ज्या रायफलमध्ये पुंगळी बाहेर फेकणारी स्प्रिंगची पिन बोल्टच्या तोंडात असते तिथेच उठतो. ईशापूरच्या सरकारी कारखान्याची .315 ही ली-एनफिल्ड या जुन्या ब्रिटिश लष्करी रायफलच्या धर्तीवर आहे, तिच्यात ती पिन नाही. तेव्हा ‘ठसा नाही म्हणजे दाब ठीक’ हा हिशेब या रायफलला लावू नका.

पोट: इथे वेळ घालवा

सगळ्या तपासणीत एकच गोष्ट करायला वेळ असेल तर ही करा. पुंगळीचे बूड भरीव असते. त्यावर भिंत सुरू होते, ती वर जाताना पातळ होत जाते. बार उडाला की दाबाने पातळ भिंत फुगून चेंबरला घट्ट चिकटते आणि बूड मात्र मागे, बोल्टवर आदळते. पुढचा भाग धरलेला, मागचा ओढला जातोय, मग ताण कुठे येणार? भरीव बूड संपून भिंत सुरू होते तिथे, बुडापासून साधारण 6 ते 10 मिलिमीटरवर. तिथे पितळ ताणून आतून पातळ होते आणि गोल चर पडते. पुढे कधीतरी पुंगळी तिथेच दोन तुकडे होते, बूड बाहेर येते, उरलेली नळी चेंबरमध्ये अडकते आणि वायू मागे फुटतो. .30-06 ला ठरलेला कमाल दाब दर चौरस इंचाला 60,000 पौंड आहे. तो चेहऱ्याजवळ निसटायला नको.

काठवाल्या पुंगळ्यांना हा रोग जास्त. कारण काडतूस काठावर टेकते, खांद्यावर नाही, आणि चेंबरमध्ये खांद्यापुढे सैल जागा असू शकते. शिवाय ली-एनफिल्ड घडणीत बोल्टची कुलपे मागच्या बाजूला असतात, त्यामुळे सगळे थोडे जास्त लवते. रीलोडिंगच्या देशांतही काठवाल्या पुंगळ्या आधी भंगारात जातात त्या याच कारणाने.

आता हात कसा चालवायचा. पुंगळी कोरडी करा. स्पोकचे वाकडे टोक तोंडातून घालून तळापर्यंत न्या. टोक भिंतीला टेकवून हलक्या हाताने वर ओढा. पहिल्या काही मिलिमीटरात जाड बुडाकडून पातळ भिंतीकडे जाताना एक उतार लागतो. तो दोष नाही. नवखा माणूस त्या उतारालाच चर समजतो आणि सगळ्या पुंगळ्या बाद करतो. फरक असा ओळखायचा: उतार एकाच दिशेने लागतो, वर ओढताना टोक घसरून खाली उतरल्यासारखे वाटते आणि पुढे सरळ जाते. चर मात्र दोन्ही दिशांनी अडकते, वर ओढताना वरच्या कडेला आणि खाली ढकलताना खालच्या कडेला. एकाच जागी पुढे-मागे केले की टोक नांगराच्या तासात सापडल्यासारखे त्यातच राहते. मग पुंगळी थोडी फिरवा आणि चारही बाजूंनी तसेच बघा. चर बऱ्याचदा एका बाजूलाच खोल असते, कारण पुंगळी चेंबरमध्ये खालच्या अंगाला टेकून पडलेली असते.

पहिल्या दिवशी बोट शिकलेले नसते. त्यासाठी एकदाच उडालेली, खात्रीची एक पुंगळी ‘चांगली’ म्हणून बाजूला ठेवा आणि दर चार-पाच पुंगळ्यांनंतर तिच्यात स्पोक फिरवून बघा. संशय असलेली पुंगळी करवतीने उभी चिरली तर आतला पातळ झालेला पट्टा उघड्या डोळ्यांनी दिसतो आणि बोटाला काय लागत होते ते कायमचे कळते. चिरण्याआधी प्रायमर उडालेलाच आहे याची खात्री करा, वहीत नोंद करा, आणि दोन्ही तुकडे जपून ठेवा, हिशेबात लागतील.

बाहेरून याच जागी चकचकीत, बारीक, किंचित नागमोडी कडे दिसते. तेही बघायचे, पण त्यावर विसंबायचे नाही. चेंबरच्या कडेचा ठसा किंवा पुन्हा आकारात आणलेल्या पुंगळीवर साच्याची रेघ तशीच दिसते. बाहेर कडे आणि आत चर, दोन्ही असेल तर पक्के. आत चर असून बाहेर काहीच दिसत नसेल तरी पुंगळी बादच.

एकदाच उडालेल्या कारखान्याच्या काडतुसांत अशी चर दिसायलाच नको. दिसली तर पुंगळी सोडा, रायफलचा हेडस्पेस वाढला आहे. या लेखाचा खरा उपयोग इथे आहे. अशी रायफल हेडस्पेस मोजणाऱ्या गेजने तपासून घेतल्याशिवाय चालवायची नाही. आणि तपासणी परवानाधारक शस्त्र कारागिराकडेच. लेथवर हात चालतो म्हणून ओळखीच्या टर्नरकडे बोल्ट घेऊन जाणारे आहेत. कलम 5 मध्ये शस्त्र दुरुस्तीलाही परवाना लागतो, म्हणजे त्यात तो बिचारा टर्नरही अडकतो.

पोटावर उभी चीर असेल तर ती पितळाचा दोष किंवा आधी सांगितलेला अमोनियाचा. एका बाजूला फुगवटा असेल तर चेंबर त्या बाजूला खालचे-वरचे आहे.

खांदा, मान, तोंड

मानेला उभी चीर हा म्हाताऱ्या पितळाचा रोग. तांबट भांडे ठोकताना मध्येच भट्टीत घालतो, कारण ठोकून ठोकून धातू कडक होतो आणि न तापवता ठोकत राहिले तर फुटतो. मानेचे पितळ गोळी घट्ट धरून वर्षानुवर्षे ताणलेले असते, उडताना पुन्हा ताणते. म्हणून कारखान्यातच मान तापवून मऊ केलेली असते. त्याच्या खुणा, म्हणजे मानेवर आणि खांद्यावर जांभळट-निळसर छटा, सैनिकी बनावटीच्या पुंगळ्यांवर तशाच राहतात. त्या पाहून ‘जळली’ म्हणू नका.

एका पेटीतल्या दोन-तीन माना फुटल्या तर ती पेटी जुनी झाली. आजोबांच्या कपाटातून निघालेल्या पेट्यांचे हेच होते. मान फुटल्याने सहसा अपघात होत नाही, नेम बिघडतो. खांद्यावरची चीर मात्र जास्त गंभीर.

चिरा शोधायची एक झटपट युक्ती. दोन पुंगळ्या तोंडापाशी हलकेच एकमेकींवर टिचकवा. धड पुंगळी किणकिणते, चीर असलेली बद्द वाजते. खानापूरच्या कुंभाराकडे मडके घेताना टिचकी मारून बघतो तसेच. दहातली एखादी बद्द निघाली की भिंग लावून तिचीच मान बघा, चीर केसाएवढी असली तरी सापडते.

तोंडाला पडलेला पोचा किंवा खांद्यावरचा उथळ खळगा, बाहेर पडताना दगडावर आपटल्याचा, याने काही बिघडत नाही. घडी पडल्यासारखा तीक्ष्ण पोचा असेल तर बाद.

आतले भोक

टॉर्च तोंडातून आत मारा. तळाशी मधोमध एकच मोठे भोक असेल तर ती बॉक्सर पद्धतीची पुंगळी. मध्ये टेकाड आणि बाजूला दोन बारीक भोके असतील तर बर्डन. बॉक्सर हा इंग्रज आणि बर्डन अमेरिकन, पण आज अमेरिकेत बॉक्सर चालते आणि युरोपच्या बऱ्याच फौजांत बर्डन, अशी गंमत आहे. भरणाऱ्याला हे आधी कळावे लागते, कारण बर्डन पुंगळीत मधली पिन घालून प्रायमर काढायला गेले की पिन मोडते. आपल्याला एवढेच बघायचे की भोके मोकळी आहेत आणि आत हिरवट गंज नाही.

जुन्या सैनिकी मालात प्रायमर क्षारांचे असत, ते नळीत मिठासारखा थर सोडतात. पुंगळीच्या आत पांढरट-हिरवट थर दिसला तर त्याच दिवशी नळी आधी गरम पाण्याने, मग कोरडी करून तेलाने पुसा. नुसत्या तेलाने ते क्षार निघत नाहीत, आणि पावसाळ्यात दोन रात्रीत नळी लाल होते.

लांबी

व्हर्निअरने बुडापासून तोंडापर्यंत मोजा. .30-06 ची कमाल लांबी 63.35 मिलिमीटर, .308 ची 51.18. उडताना पितळ पुढे सरकून पुंगळी लांबते. रीलोडिंगवाल्यांना ती कापावी लागते, कारण लांब तोंड चेंबरच्या टोकाला जाऊन गोळी चिमटते आणि दाब भलताच चढतो. आपल्यासाठी आकड्यापेक्षा सारखेपणा महत्त्वाचा. एका पेटीतल्या पुंगळ्यांत फार मोठा फरक पडला तर मोजणी परत करा, बहुधा व्हर्निअर तिरका धरला होता. प्रायमर बाहेर आलेला असेल तर तो जबड्यात येऊ देऊ नका, नाहीतर लांबी जास्त भरते.

बाद झालेल्यांचे काय

मार्करने फुली मारा आणि पकडीने तोंड चेपून टाका, म्हणजे कुणाच्या हातून परत चांगल्यांत जाणार नाही. बुडावरचा शिक्का वाचता येईल असा राहू द्या. फेकू नका आणि भंगारवाल्याला देऊ नका. काडतुसाचे भागही कायद्याच्या व्याख्येत येतात, आणि नवी काडतुसे घेताना किंवा नूतनीकरणाच्या वेळी जुन्यांचा हिशेब विचारला जाऊ शकतो. वहीत तारीख, पेटीचा शिक्का, किती उडवली, किती बाद आणि कशामुळे, एवढी एक ओळ पुरते.

निवडणुकीच्या आधी रायफल ठाण्यात जमा करायची वेळ येते तेव्हा ही वही काढा. शेवटच्या दोन वेळच्या नोंदींत प्रायमर बाहेर आलेला किंवा आत चर लागलेली असेल, तर रायफल ठाण्यातून परत मिळाली की घरी न्यायच्या आधी थेट कारागिराकडे.